बेस म्यूट करा आणि मग बोला: गाण्यातली वाद्यं सुटी करणाऱ्या ॲपचा रिव्ह्यू

हे ॲप मी घेतलं गाणी बसवायला. दोन महिने झाले, धड एक गाणं बसलेलं नाही. कारण यात प्रत्येक वाद्यासमोर म्यूटचं एक छोटंसं बटण आहे आणि मला त्याचाच नाद लागलाय, रात्री सगळं आवरलं की हेडफोन लावायचे, एखाद्या बँडचं गाणं टाकायचं, बेस (म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारी गिटार) बंद करायचा आणि बँड किती वेळ तग धरतो ते बघत बसायचं.

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. असली बरीच निघालीयत, मी तीन वापरून बघितली आणि तिघांची तऱ्हा थोड्याफार फरकाने सारखीच, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या जातीचाच समजा.

काम काय करतं, तर तुम्ही गाणं टाकलंत की मिनिट-दोन मिनिटांत त्याचे चार भाग हातात येतात: गायकाचा आवाज, ड्रम, बेस आणि 'बाकी सगळं'. गिटार, कीबोर्ड, व्हायोलिन, टाळ्या, जे काही उरेल ते त्या चौथ्या डब्यात. आत न्यूरल नेटवर्क आहे, त्याला आधी सुट्या ट्रॅकची ढिगाने गाणी ऐकवून शिकवलेलं असतं की बेस असा दिसतो, किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) असा दिसतो, आणि मग तो अंदाजाने वेगळं करतो. अंदाजाने हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यावरच गंमत आहे. पण ही खेळणी नाहीत हां, २०२२ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमचं नवीन मिक्स आलं ते याच प्रकारच्या तंत्रामुळे जमलं, कारण मूळ रेकॉर्डिंग चार ट्रॅकच्या टेपवर, एकाच ट्रॅकवर ड्रम, बेस, गिटार सगळे दाटीवाटीने बसलेले, ते सुटे केल्याशिवाय कुणाला पुढेमागे करणार?

बीटल्सवरून आठवलं, सगळ्यात आधी मी त्यांनाच म्यूट केलं होतं. पॉल मॅकार्टनी मुळात बेसवाला नव्हताच, १९६१ मध्ये आधीचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून गेला आणि ते गळ्यात पडलं. सुरुवातीच्या गाण्यांत बेस बंद केला तर पोकळ वाटतं, पण गाणं चालतं. १९६६ नंतरच्या गाण्यांत नाही चालत. तोपर्यंत तिकडच्या स्टुडिओवाल्यांना धास्ती असायची की बेस जास्त ठेवला तर तबकडीवरची सुई उडेल, म्हणून तो दाबून ठेवायचे. 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी बेसच्या अँपसमोर (म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणाऱ्या डब्यासमोर) माईक म्हणून चक्क एक लाउडस्पीकर उलटा जोडून लावला आणि तिथून पुढे बेस खुलाच झाला. १९६९ च्या 'समथिंग'मध्ये बेस सोलो करून, म्हणजे बाकी सगळं बंद करून ऐका, गायक एक चाल गातोय आणि खाली दुसरी अख्खी चाल सुरू आहे, तीही त्याच्या पायात न येता.

एक गोष्ट आधीच सांगतो नाहीतर मला येऊन शिव्या घालाल. हे सगळं मोबाईलच्या स्पीकरवर करू नका. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झच्या आसपास सूर निघतो, एवढ्याशा स्पीकरला तो झेपतच नाही. आपल्याला तरी ऐकू आल्यासारखं वाटतं, कारण वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. म्हणजे बेसवाल्याची निम्मी मेहनत ऐकणाऱ्याचा मेंदूच फुकटात करतो, आणि मग लोक म्हणतात की बेस ऐकूच येत नाही. माझा एक गिटार वाजवणारा मित्र वर्षानुवर्षं हेच म्हणतो. त्याच्यासाठी मी खास एक चाचणी ठेवली होती, ती सांगतोच पुढे.

तर म्यूट चाचणीत माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे एकच गिटार असलेला बँड सगळ्यात लवकर कोसळतो. द हू हा बँड घ्या. गिटारवर पीट टाउनशेंड, तो सुटे सूर कमी आणि दणकेबाज कॉर्ड जास्त वाजवणार, ड्रमवर कीथ मून, तो लय धरण्यापेक्षा सगळीकडून फोडत सुटणार. मग गाणं पुढे कोण नेतंय? एका जागेवर खांबासारखा उभा राहून बेसवाला जॉन एंटविसल. १९६५ च्या 'माय जनरेशन'मध्ये जिथे गिटारचा सोलो यायचा तिथे बेसचा सोलो आहे, रॉकमधल्या अगदी पहिल्या अशा सोलोंपैकी एक. या माणसाला 'थंडरफिंगर्स' म्हणायचे ते उगाच नाही. बेस बंद केला की हा बँड चक्क भांडण ऐकल्यासारखा वाटतो, दोन माणसं एकाच खोलीत आपापलं काहीतरी जोरात वाजवतायत. चालू केला की लगेच कळतं की अरे, हे तर ठरवून चाललंय. मी हे चालू-बंद दहा-बारा वेळा केलं असेन. त्याचा आवाजही नेहमीच्या बेससारखा गोल, मऊ नाही, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणीत, त्यासाठी त्याने रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून १९६६ मध्ये राउंडवाउंड तारा जमवून घेतल्या. त्या प्रकारच्या तारा आज अर्ध्या जगाच्या बेसवर आहेत.

रशचंही तेच, तिघंच जण. गेडी ली बेस वाजवतो, गातो, शिवाय कीबोर्ड, आणि पायाखाली बेस पेडल्स. गिटारवाला सोलोला गेला की मागे कॉर्ड धरणारं कुणी नाही, तेव्हा बेस वर येऊन ती जागा भरतो. तिथे म्यूट केलं की नुसते ड्रम आणि हवेत लटकलेली गिटार.

ब्लॅक सॅबथमध्ये मला वाटलं होतं फार फरक पडणार नाही, कारण बेसवाला गीझर बटलर बऱ्याचदा गिटारचीच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) खाली वाजवतो. चूक. गिटारवाल्या टॉनी आयोमीच्या बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती, तारा सैल ठेवल्या तर दाबायला सोप्या म्हणून तो ट्यूनिंग खाली न्यायला लागला, १९७१ च्या अल्बमवर तर तीन अर्धस्वर खाली, आणि बटलरही त्याच्याबरोबर खाली उतरला, म्हणजे सगळ्यात खालचा सूर ३५ हर्ट्झच्या आसपास. आपण ज्याला सॅबथच्या गिटारचं वजन म्हणतो ना, त्यातलं निम्मं वजन बेसचं आहे. बेस काढला की तीच रिफ एखाद्या शिकाऊ पोराने वाजवल्यासारखी किरटी वाटते. त्यात बटलर तिथल्या तिथे तारा ओढतो, मध्येच रिफ सोडून भलतीकडे जाऊन परत येतो, हे मला इतकी वर्षं ऐकून कळलं नव्हतं, बेस एकटा ऐकल्यावर कळलं. त्या बँडचे बरेचसे शब्दही त्याचेच.

आता ॲपची फजिती. मोटरहेड टाकलं. बेसच्या डब्यात काय आलं तर थोडीशी गुरगुर, आणि मधला सगळा खरखराट 'बाकी सगळं'मध्ये. आता त्या ॲपचीही फार चूक म्हणता येणार नाही. त्यांचा गायक आणि बेसवाला लेमी आधी गिटारवाला होता, बेसवरही तो पिक घेऊन कॉर्डच झोडायचा, तोही मार्शलच्या अँपमधून, फाटका आवाज काढून. न्यूरल नेटवर्कने आयुष्यात बेस म्हणून जे काही ऐकलं असेल त्यात हे बसत नाही. म्हणजे बेस म्यूट केला तरी लेमी वाजतोच आहे, आणि मी म्हणेन बरोबरच आहे, २०१५ च्या डिसेंबरमध्ये तो गेला तेव्हाच तो बँड बंद झाला, त्याआधी त्याला म्यूट करणं कुणाला जमलं नव्हतं.

येस या बँडचा बेसवाला ख्रिस स्क्वायरही असाच अर्धा-अर्धा फुटतो. त्याचा रिकनबॅकर बेस स्टीरिओ होता, एका पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचा) आवाज बेसच्या अँपला, दुसऱ्याचा गिटारच्या अँपला, त्यामुळे खाली घुमारा आणि वर धारदार कडकड, दोन्ही एकाच माणसाचं. ॲप घुमारा बेसमध्ये टाकतं आणि कडकड कधी इकडे कधी तिकडे. २०१५ मध्ये तो वारला तोपर्यंत निघालेल्या येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर असलेला हा एकच माणूस, गायक बदलले, कीबोर्डवाले तर किती आले न् गेले.

तसं बघायला गेलं तर फ्लीटवूड मॅकच्या नावातला 'मॅक' म्हणजेच बेसवाला जॉन मॅकव्ही. १९६७ मध्ये पीटर ग्रीनने ड्रमर आणि बेसवाला यांच्या नावावरून बँडचं नाव ठेवलं, आणि गंमत म्हणजे मॅकव्ही तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता, नंतर आला. पुढे स्वतः ग्रीन गेला, गिटारवाले-गाणारे बदलत राहिले, हे दोघं तसेच. १९७७ च्या 'द चेन'मध्ये सगळं थांबतं आणि नुसता बेस येतो ती जागा बहुतेकांना माहीत असेल. तिथे म्यूट दाबणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. दाबलं. किकच्या ठोक्यांपलीकडे काही नाही.

जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डरवाल्या पीटर हूकची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तो बेसवर वरच्या पट्टीत चाली वाजवतो, म्हणजे जिथे इतर बेसवाले हात नेतच नाहीत तिथे. का, तर त्याने स्वतःच सांगितलंय की बर्नार्ड समनरच्या गिटारचा आवाज इतका मोठा असायचा आणि ह्याचं अँप इतकं सुमार की खाली वाजवलं तर स्वतःलाच ऐकू यायचं नाही, वर गेला तेव्हा ऐकू आलं. गायक इयन कर्टिसला ते आवडलं, तो म्हणाला असंच वाजव. म्हणजे भिकार अँपमधून एका बँडचा अख्खा आवाज जन्माला आला, आणि आपण इकडे कुठला पेडल घेऊ यावर आठवडे घालवतो. इथे बेस म्यूट केला की गाण्याचा पाया जात नाही, तो तसाही तिथे नसतोच, चालच जाते. तुम्ही गुणगुणत असता ते गिटार नाही, गायकही नाही, हूक असतो. ॲप इथे दहातले सात वेळा बरोबर पकडतं, बाकी वेळा त्याला ती गिटार वाटते.

आता मित्राची चाचणी. त्याला मी काही न सांगता बॉब मार्लीच्या वेलर्सचं एक गाणं लावून दिलं, बेस आधीच बंद करून. रेगेमध्ये गिटार मधल्या जागांवर नुसती चक् चक् करते, आणि ड्रम, 'वन ड्रॉप' म्हणतात त्या ठेक्यात, पहिली मात्रा चक्क मोकळी सोडून तिसरीवर पडतात. म्हणजे वरची सगळी वाद्यं टेकलेलीच नाहीत. खाली जमीन असते ती ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेटच्या बेसची, ड्रमवर त्याचाच भाऊ कार्लटन, दोघं भाऊ मिळून ठरवणार कुठे वाजवायचं आणि मुख्य म्हणजे कुठे गप्प बसायचं. मित्राने वीसेक सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "अरे तुझे हेडफोन बिघडलेत." मी म्हटलं थांब, आणि बेस चालू केला. तो काही बोलला नाही, पण मान हलायला लागली, आणि त्याची मान सहसा स्वतःच्या सोलोलाच हलते. मग मी उलट केलं, बाकी सगळं बंद आणि नुसता बेस. गाणं तरीही ओळखू येत होतं. नुसत्या बेसवरून गाणं ओळखू येणं हे मला वाटतं म्यूटपेक्षाही कडक परीक्षा आहे. फॅमिली मॅन २०२४ च्या फेब्रुवारीत गेला. त्यातले ते रिकामे क्षण ऐका, दोन सूर वाजवून तो जे थांबतो ना, तेवढ्यात गाणं श्वास घेतं.

फंकमध्ये ॲपची जी चूक होते ती मला चूक म्हणवत नाही. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं गाणं टाकलं तर बेसवाल्या लॅरी ग्रॅहमच्या अंगठ्याचे काही फटके ड्रमच्या डब्यात जाऊन पडले. आधी वैतागलो, मग हसायलाच आलं. ग्रॅहम हे अंगठ्याने ठोकणं शिकला तेच मुळी ड्रमर नव्हता म्हणून, तो आईबरोबर वाजवायचा, आई पियानोवर, ड्रमर राहिला नाही, तर हा तार अंगठ्याने ठोकून किकचं आणि बोटाने उचकटून स्नेअरचं (काडीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमचं) काम भागवायचा. पुढे सगळं जग ज्याला स्लॅप म्हणतं ते इथून निघालं. मशीनला ते ड्रम वाटले तर काय चुकलं तिचं?

बेसवाला बूट्सी कॉलिन्स फंकवाल्या जेम्स ब्राउनकडे आला १९७० मध्ये, वय अठरा, राहिला जेमतेम वर्षभर. ब्राउनचा सगळा भर 'द वन'वर, म्हणजे आपल्या भाषेत सम. समेवर दणकून ये, मधे काय करायचं ते तुझं तू बघ. तबला ऐकायची सवय असेल तर हे लगेच उमगतं, आणि डग्गा काढून घेतलेला तबला कसा वाटेल याची कल्पना केलीत तर ही गाणी बेसशिवाय कशी लागतात तेही.

शीक या डिस्को बँडच्या बेसवाल्या बर्नार्ड एडवर्ड्सवर वेगळा रिव्ह्यू लिहिता येईल, इथे एवढंच की १९७९ च्या 'गुड टाइम्स'ची बेसलाइन इतकी मजबूत की त्याच वर्षी तिच्यावर दुसऱ्या लोकांनी अख्खं रॅपचं गाणं उभं केलं. इतर काही वाजलं नाही तरी पार्टी चालू राहील.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या गाण्यांवर ॲपचे सगळ्यात जास्त हाल होतात. एका खोलीत डझनभर माणसं एकत्र वाजवतायत, सगळं एकमेकांत मिसळलेलं, त्यामुळे बेस सोलो केला तरी मागे भुतासारखे गायक ऐकू येत राहतात, पाण्याखालून गातायत असं. तरीही बेसवाला जेम्स जेमरसन त्यातून बाहेर येतोच. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, त्यालाच 'द हूक' म्हणायचे, १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. आणि त्या एका बोटाने तो गाण्याखालून असा पळतो की वरची साधी प्रेमाची चाल एकदम मोठ्या माणसांची वाटायला लागते. मुद्दा असा की हा कुठल्या बँडचा? फंक ब्रदर्स, म्हणजे मोटाउनच्या स्टुडिओतली वाजवणारी मंडळी. पोस्टरवर नाव नाही, तबकडीवर नाव नाही, १९७१ मध्ये मार्विन गेच्या अल्बमवर पहिल्यांदा नीट श्रेय छापून आलं, तोवर लोकांनी दहा वर्षं त्याच्या तालावर नाचून घेतलं होतं.

उलटा प्रयोगही केला. मेटॅलिकाचा १९८८ चा अल्बम, क्लिफ बर्टन बस अपघातात गेल्यानंतरचा पहिला पूर्ण अल्बम, बेसवर जेसन न्यूस्टेड, आणि मिक्समध्ये त्याचा बेस जवळजवळ पुसलेलाच. ॲपने बिचाऱ्याने शोध शोध शोधलं आणि बेस म्हणून मला गिटारचाच खालचा गाळ काढून दिला. प्रिन्सच्या १९८४ च्या 'व्हेन डव्ह्ज क्राय'मध्ये तर बेस नाहीच, होता तो त्याने स्वतः काढून टाकला, आणि तिथे ती पोकळी मुद्दाम हवी होती हे कळतं. आणि व्हाइट स्ट्राइप्सची ती २००३ ची, स्टेडियममध्ये लोक ओरडतात ती रिफ, ॲपने सरळ बेसमध्ये टाकली. तो बँड दोघांचा, बेसवाला नाहीच, ती गिटार आहे, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. ॲपच्या या चुकीवर मी जाम खूश आहे, बेसवाला ठेवला नाही तरी बेसची गरज काही सुटली नाही.

आता तक्रारी, रिव्ह्यू आहे म्हणून. एक, किक ड्रम आणि बेस एकत्र पडले की दोघांची सरमिसळ होते, मेटलमध्ये फारच. दोन, सिंथचा खर्ज सरसकट बेस समजतं. तीन, गाणं हळू करायची सोय आहे, पण निम्म्या वेगावर बेसचा सूर चिखलात चालल्यासारखा होतो, ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. चार, लूप लावताना कापायची जागा बोटाने नेमकी पकडता येत नाही, मात्रा चुकतेच. पाच, माझा फोन तापतो, पण तो तसाही तापतो. सुटे केलेले ट्रॅक बाहेर काढून कॉम्प्युटरवर वापरता येतात ही मात्र मोठी सोय. पाचपैकी साडेतीन, बेस शिकणाऱ्याला चार.

शेवटी जे करायला नको होतं ते केलं. आमच्या स्वतःच्या बँडचं तालमीचं रेकॉर्डिंग टाकलं. आम्ही चौघं, बेसवर मी. धडधडत्या छातीने म्यूट दाबलं. पहिलं कडवं, काही फरक नाही. धृपद, काही फरक नाही. दुसऱ्या कडव्यात मी एका ठिकाणी नेहमी अर्धस्वर चुकतो, तिथे गाणं सुधारलं. ते रेकॉर्डिंग मी ग्रुपवर टाकलं, नुसतं "कसं वाटतंय" असं विचारून. ड्रमरचा रिप्लाय आला, "मस्त, हाच मिक्स फायनल करू."